अस्तराचं जेवण

हायड्रा या तळ्यातल्या चिमुकल्या जिवाच्या बाहेरच्या थरावर त्या इंग्रजी पुस्तकात पानंच्या पानं होती. तिथल्या डंख मारणाऱ्या पेशी, पेशीत वेटोळं घालून बसलेली विषारी दोरी, ती सुटते कशी, टोचते कशी, सगळं आकृत्यांसकट, एखाद्या सरदाराच्या तलवारीची कौतुकं सांगावीत तसं. आणि आतल्या थरावर एक ओळ. ‘आतला थर पोटाच्या पोकळीला अस्तरासारखा लागून असतो.’ संपलं. पुढच्या ओळीत पुस्तक गांडुळाकडे वळलेलं.

चंद्रव्वानं पुस्तक असं मिटलं की शाळेच्या ओसरीवरची चिमणी उडाली.

“लागून असतो म्हणं!” ती एकटीच म्हणाली. “लागून असायला ती काय भिंतीला लागलेली पाल आहे?”

बाळीवेशीतल्या चनबसप्पाची ही थोरली लेक. पुण्याला इंटर सायन्सपर्यंत शिकलेली, आणि आता गावातल्या मुलींच्या शाळेत ‘बाई’ झालेली. पुण्यात तिनं एकदा सूक्ष्मदर्शकाच्या नळीतून हायड्राचा आडवा छेद पाहिला होता. बाहेरच्या थराच्या पेशी आखूड, चपट्या, नीटनेटक्या. आणि आतल्या पेशी? उंच, फुगीर, भरल्या पोटाच्या. काहींना चाबकासारखे केस, पोकळीतलं अन्न ढवळायला. काही नुसता रस सोडणाऱ्या, भक्ष्य विरघळवायला. आणि काही अशा की समोरच्या घासाला अंगाचाच हात करून कवेत घेतलेल्या. ते बघून नळीवरून डोळा काढावासा वाटेना. मागच्या मुलीनं शेवटी तिची वेणी ओढली होती.

मुलींच्या शाळेला सूक्ष्मदर्शक नव्हता. मुलांच्या हायस्कुलात होता, कपाटात, मखमलीच्या पेटीत. मागितला की ‘लेन्स नाजूक असते’ असं उत्तर यायचं. पण हायड्रा नुसत्या डोळ्यालाही दिसतो, हे चंद्रव्वाला ठाऊक होतं. तिनं मुलींना घेऊन कंबर तलाव गाठला, काठाची पाणवनस्पती काचेच्या बरणीत भरून आणली आणि बरणी खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी काचेला आतून चिकटलेले दोऱ्याचे तुकडे दिसू लागले. प्रत्येक तुकड्याच्या टोकाला बारीक बारीक बोटं.

“बाई, हे हलतंय!” सारजा किंचाळली. सारजा म्हणजे वर्गातली सगळ्यात तिखट जिभेची पोरगी.

“हलणारच. भूक लागलीय त्याला.”

तळ्यातल्याच ठिपक्याएवढ्या पाणपिसवा बरणीत सोडल्या. एक पिसू बोटांना लागली, थरथरली, थांबली. बोटांनी तिला हळूच तोंडाकडे नेलं आणि तोंड उघडलं. सबंध वर्ग बरणीला नाक लावून उभा. पिसू आत गेली आणि त्या पारदर्शक दोऱ्याच्या पोटात लालसर ठिपका उमटला. दुसऱ्या दिवशी ठिपका नव्हता. सबंध दोराच तांबूस झाला होता.

“रंग कुठून आला गं?” चंद्रव्वानं विचारलं.

“खाल्ल्यालं अंगी लागलं की, बाई,” सारजा म्हणाली.

“बरोबर. पण कुणाच्या अंगी? वरचा थर काचेसारखा आहे. आपण जो रंग बघतोय तो आतल्या थराचा आहे.”

हा सायन्सचा तास त्या वर्षी पहिल्यांदाच सुरू झाला होता. शाळा चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष चनमल्लप्पा अण्णा. मोठा सूतव्यापार, शब्दाला वजन, आणि चंद्रव्वाच्या अप्पांचे लांबचे भाऊ. अण्णांनी सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, “पोरी, तू शिकलीयस म्हणून हौस पुरवतोय. मुलींना सायन्स कशाला ते मला कळत न्हाय. गड्ड्याची जत्रा उठली की आपलं प्रदर्शन. पुण्याहून इन्स्पेक्ट्रेसबाई यायच्यात. तितं तुझ्या तासाचं बरं दिसलं, तर पुढं चालवू. न्हायतर तो तास शिवणाला.”

म्हणून प्रदर्शनासाठी हायड्राच करायचा, आणि असा करायचा की आंधळ्यालासुद्धा आतला थर दिसावा, असं चंद्रव्वानं ठरवलं. मातीचा केला तर फुटेल, कागदाचा केला तर मुली हसतील. तेव्हा तिला आपल्या आईची आठवण झाली.

गोजरबाई कौदी शिवायची. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून, बारीक धाव्या दोऱ्यानं कडेपासून मध्यापर्यंत शिवत आणलेली गोधडी ती कौदी. बाळीवेशीत बाळंतिणीला गोजरबाईची कौदी लागायची. वरची ठिगळं बघायला सोपी, पण आत कुठलं लुगडं घालायचं, ते ती कुणाला सांगत नसे. अंगाला लागतं ते आतलं. तिथं ती सगळ्यात जुनं, सगळ्यात मऊ, धुऊन धुऊन सूत विसरलेलं लुगडं घालायची.

“अव्वा, मला एक जनावर शिवून दे,” चंद्रव्वा म्हणाली.

“कसलं जनावर?”

“पाण्यातलं. त्याला डोकं नाही, डोळे नाहीत, पाय नाहीत. नुसतं पोट आहे आणि तोंडाभोवती हात.”

गोजरबाई हसली. “तुझा धाकटा भाऊ तान्हा हुता तवा असाच हुता की.”

दोघी बसल्या. बाहेरच्या थराला पातळ मलमल, कारण तो थर काचेसारखा. आतल्या थराला गोजरबाईचं लाल इरकली लुगडं. दोन्हींच्या मध्ये खऱ्या हायड्राला एक चिकट पातळ पडदा असतो. त्यासाठी चनबसप्पांनी मागावर लावायची खळ आणून दिली. खळ लावून दोन्ही कापडं चिकटवली, वाळवली. मलमलीखालून लाल रंग असा झिरपून दिसू लागला की चंद्रव्वाचा हात थबकला. बरणीतल्यासारखाच.

मग बोटं शिवली, आत कापूस भरून. तोंड उघडं ठेवलं. आणि एका बाजूला उभी चीर पाडून तिला हूक लावले, म्हणजे हूक काढले की पोट उघडेल, आतला थर दिसेल. त्याच्यावर चंद्रव्वानं काळ्या दोऱ्यानं एकेक पेशी भरली. उंच पेशी, फुगीर पेशी, चाबूकवाल्या पेशी. गोजरबाई तिच्या खांद्यावरून बघत शिवत होती आणि शिवताना गुणगुणत होती:

‘कौदीच्या वरती बाई ठिगळं लाल निळी,
आत माझ्या लुगड्याची ऊब झोपे कोवळी.
वरचं बघून गेलं गाव आपुल्या घरी,
आतलं कळलं त्याला ज्याला थंडी वाजं भारी.’

“ह्यो आतला करतो काय गं?” तिनं मधेच विचारलं.

“सगळं तोच करतो, अव्वा. अन्न विरघळवतो, खातो, वरच्या थराला देतो.”

“आन् तुझ्या पुस्तकात न्हाय त्याचं काही?”

“एक ओळ आहे.”

गोजरबाईनं दोरा दातानं तोडला. “तेवढी तरी हाय,” ती म्हणाली, आणि पुढचं बोट शिवायला घेतलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी अण्णा शाळेत फेरी मारायला आले. भरतकामाच्या टेबलापाशी थांबले, मान डोलावली. मोर, कलश, ‘सुस्वागतम्’. मग ते हायड्रापाशी आले. चंद्रव्वानं हूक काढून पोट उघडून दाखवलं. तिनं बोलायला तोंड उघडलं तोवर अण्णांनी हात वर केला.

“मिटव.”

“काय, अण्णा?”

“मिटव म्हटलं ते. मुलींची शाळा हाय ही. बाया-माणसं यायची, सासरची मंडळी यायची. पोट फाडून आतलं दाखवायचं? शोभतं का? शिवून टाक ती चीर. वरून बघ कसं गोजिरवाणं दिसतंय. आन् ही मलमल कसली? वरून थोडी जर-बिर लाव.”

“अण्णा, आतलाच तर—”

“अगं, मला कळतंय की.” अण्णा हसले. त्यांचं हसू नेहमी मायेचं असायचं, त्यामुळे त्याच्यावर रागही नीट धरता येत नसे. “आतला थर म्हंजी आपली गृहलक्ष्मी. आत ऱ्हाती, रांधती, सगळ्यांना पोसती, आन् कुणाला दिसत न्हाय. म्हणून तर घर चालतं. आतल्यानं आतच असावं, पोरी. शिवलंस तर तुझा तास ऱ्हाईल. न्हायतर मला बोलू नकोस.”

ते निघून गेले. चंद्रव्वाच्या तोंडात ‘बरं, अण्णा’ आलं होतं. तिनं ते गिळलं, आणि ते उतरेना. सबंध दुपार ते छातीत अडकून राहिलं. गृहलक्ष्मी! हायड्राचीसुद्धा गृहलक्ष्मी केली ह्यांनी! तळ्यात शेवाळाला चिकटून बसलेल्या त्या जिवाला नवरा नाही, सासू नाही, चूल नाही, उंबरा नाही. त्यालाही ह्यांनी पदर घ्यायला लावला. एखादी गोष्ट नीट बघायची नसली की तिला लक्ष्मी म्हणायचं आणि कोनाड्यात ठेवायचं, ही कुठली रीत?

तिनं चीर शिवली नाही. हायड्रा घरी नेला, हूक लावून कोनाड्यात ठेवला आणि ठरवलं, उद्या उघडून दाखवायचंच. मग तास राहो न राहो. पण हे ठरवताना तिला सारजा आठवली, बरणीला नाक लावून उभ्या राहणाऱ्या त्या सगळ्या मुली आठवल्या, आणि ‘तास न राहो’ हे शब्द मनात नीट बसेनात. तासासाठी शिवावं, तर तासात शिकवलेलंच खोटं. उघडावं, तर तासच जाणार. ती दोन्हीकडून वाकत राहिली.

सकाळी ती मुलींना घेऊन प्रदर्शनाची टेबलं मांडायला लवकर निघून गेली. हायड्रा मागाहून गोजरबाईनं आणायचा होता, फडक्यात गुंडाळून, जपून.

गोजरबाईनं आणला. टेबलावर ठेवला. फडकं सोडलं.

चंद्रव्वा बघतच राहिली. चीर शिवलेली होती. नुसती टाचलेली नव्हे. कौदीचा धावा दोरा, बारीक, सरळ, एकेक टाका तांदळाएवढा. हूक कापून काढलेले. आणि तोंड? तोंडसुद्धा शिवलेलं. हायड्राला जगात जी एकच वाट आहे, ज्या वाटेनं घास आत जातो आणि राहिलेलं बाहेर येतं, तीच बंद.

“अव्वा, हे काय केलंस?”

“अण्णा काल मठात भेटले. म्हणले, पोरीला सांग, तिचा तास जाईल. तू तर काही बोलंनास. मग मीच शिवलं.”

“तोंड कशाला शिवलंस? तो मेला ना असा!”

“कड उघडी ठेवून कौदी घराबाहेर काढत न्हाईत, चंद्री. उघड्या कडेची मेल्या माणसावर घालत्यात. ठावं न्हाय का तुला?” गोजरबाईचा आवाज खाली गेला. “तुझा तास ऱ्हावा म्हणून केलं मी.”

आईवर ओरडायला चंद्रव्वानं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात दारात गडबड झाली. इन्स्पेक्ट्रेसबाई आल्या. पांढरी साडी, खांद्याला ब्रोच, नाकावर चष्मा. बरोबर अण्णा, फेट्यात, आणि मागून गावातली मंडळी. भरतकामाच्या टेबलापाशी बाई दोन शब्द कौतुकाचे बोलल्या आणि इकडे वळल्या.

“हे काय आहे?”

“हायड्रा,” चंद्रव्वा म्हणाली.

“छान शिवलाय. आत काय आहे याच्या?”

चंद्रव्वा बोलायच्या आत अण्णा पुढं झाले. काल केलेली उपमा त्यांना फार आवडली असावी. “बाईसाहेब, ह्यो जो आतला थर असतो ना, तो म्हंजी आपली गृहलक्ष्मी! आत ऱ्हाती, सगळ्यांना पोसती, आन् स्वतः कुणाच्या नजरेस पडत न्हाय. आपल्या स्त्रीधर्माचा केवढा थोर धडा देवानं त्या क्षुद्र जिवात ठेवलाय, बघा.”

मंडळींत माना डोलल्या. कुणी ‘वा’ म्हणालं.

त्या ‘वा’नं चंद्रव्वाच्या अंगात काहीतरी तटकन तुटलं. रात्रभर दोन्हीकडून वाकणारी काडी ती हीच असावी. तिनं शेजारच्या भरतकामाच्या टेबलावरची कातर उचलली.

“चंद्रव्वा!” अण्णा म्हणाले.

तिनं आईचा तो तांदळासारखा टाका कापला. एक, मग दुसरा, मग कातर आत घालून सरळ खालपर्यंत. अव्वाचा टाका सहजासहजी तुटत नसतो. हाताला जोर द्यावा लागला. पोट उघडलं, लाल इरकली बाहेर आली, आणि त्यातून काहीतरी टणकन टेबलावर पडलं, घरंगळलं आणि इन्स्पेक्ट्रेसबाईंच्या पायाशी जाऊन थांबलं.

ज्वारीच्या भाकरीचा तुकडा होता तो. वाळका, कडेचा, खालून करपलेला.

सगळ्यांच्या माना खाली वळल्या. मग मागून कुणीतरी म्हणालं, “बाईंचा डबा सांडला की!” आणि जो हशा उसळला तो छपराला लागला. अण्णासुद्धा हसले. भरतकामवाल्या बाई तोंडावर पदर घेऊन हसल्या. चंद्रव्वाला वाटलं, आता इथंच जमीन उघडावी. कातर हातातून सुटली.

“मी घातलाय तो.”

गर्दीच्या मागून गोजरबाईचा आवाज आला. ती पुढं आली. सगळ्यांसमोर बोलायची तिला सवय नव्हती; ती बोलली ते चंद्रव्वाकडं बघून, जशी काही दोघीच आहेत.

“आमच्यात कौदी शिवून झाली की शेवटच्या टाक्याआधी आत भाकरीचा घास घालत्यात. पोट हाय तिला. रिकाम्या पोटी तिला कुणाच्या अंगावर घालायची न्हाय, न्हायतर ती पांघरणाऱ्याची ऊब खाती. हे तर नुसतंच पोट. ह्याला उपाशी कसं धाडायचं?”

पुन्हा हसू फुटलं, पण ह्या वेळी विरळ.

चंद्रव्वा वाकली आणि तुकडा उचलला. बाई, माणसं, अण्णा, सगळे तिला क्षणभर दिसेनासे झाले. तिला बरणी दिसत होती. पोटातला लालसर ठिपका, आणि दुसऱ्या दिवशीचा तांबूस दोरा.

“बरोबर घातलंस, अव्वा,” ती म्हणाली. मग वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात, “बघा. ह्याला पोट आहे आणि पोटात घास आहे. आता हा घास कुणाचा?”

तिनं भाकरी बोटांनी चुरली आणि चुरा आतल्या लाल कापडावर, भरलेल्या पेशींवर, टाकला. काळ्या दोऱ्याच्या टाक्यांत कुठं कुठं तो अडकून राहिला.

“आतल्या काही पेशी रस सोडतात. त्यानं भक्ष्य फुटतं, त्याचा असा चुरा होतो. काही पेशी तो ढवळतात. आणि ह्या फुगीर पेशी अंगाचा हात करून घास ओढून घेतात, आत, स्वतःच्या पोटात. चुलीवर शिजवून दुसऱ्याच्या ताटात वाढत नाहीत त्या. आधी स्वतः खातात.” तिनं अण्णांकडं बघितलं. “अण्णा, तुमची गृहलक्ष्मी शेवटी जेवते. पुरुष उठले, पोरं उठली, पाहुणे उठले, मग तव्यावर राहिलं असेल ते, नाही तर पाणी. हा थर पहिल्या पंगतीला बसतो. देवानं धडा ठेवलाच असेल ह्या जिवात, तर तो हा ठेवलाय.”

“मग बाहेरच्या थराला कधी मिळतं?” इन्स्पेक्ट्रेसबाईंनी विचारलं. त्या चष्म्यातून चुऱ्याकडं बघत होत्या.

“ह्याचं भागल्यावर, बाई. ह्याच्यातून झिरपत त्याला पोचतं. म्हणूनच पोचतं. हा उपाशी राहिला तर त्याला झिरपणार काय? आणि बाहेरून जो रंग दिसतो ना, तोसुद्धा ह्याच्या खाल्ल्याचा आहे. वरचा थर काच. तुम्ही सगळे जे बघून वा म्हणता, ते ह्याचं जेवण आहे.”

बाईंनी हळूच “हं” केलं. लाल कापडाला एका बोटानं हात लावला. “चांगलं आहे,” त्या म्हणाल्या, “पण नमुन्यात खरं अन्न नको. मुंग्या येतील.” आणि पुढच्या टेबलाकडं वळल्या.

एवढंच. चंद्रव्वाला वाटलं होतं त्या आणखी काही म्हणतील. तशा त्या भल्या होत्या; पण त्यांची गाडी तिसऱ्या प्रहरची होती.

त्या गेल्यावर अण्णांनी फेटा काढून टेबलावर ठेवला, घाम पुसला, आणि हसले. तेच मायेचं हसू.

“बोलतीस चांगलं, पोरी. वकीलच व्हायची. पण चारचौघांत अण्णाला असं बोलायचं नसतं. मी मनावर घेत न्हाय. सोमवारपासनं तो तास शिवणाला. तूच घे. तुझ्या अव्वाचा हात चांगला हाय, तुलाही आला असंलच.” मग त्यांनी भरतकामवाल्या बाईंना हायड्राकडं बोट केलं. “हे तेवढं नीट शिवून टाका. फाटकं ठेवू नका शाळेत.”

रागावून बोलले असते तर चंद्रव्वाला बरं वाटलं असतं.

घराकडं जाताना ती झपझप चालत होती आणि गोजरबाई मागून. मिलचा भोंगा झाला. रस्त्याला माणसं लागली. बाळीवेशीच्या कोपऱ्यावर चंद्रव्वा एकदम वळली.

“शिवलंस कशाला, अव्वा? शिवलं नसतंस तर मी हूक काढून शांतपणे दाखवलं असतं. कातर घ्यावी लागली नसती.”

“आन् तास ऱ्हायला असता?”

चंद्रव्वा पुन्हा चालू लागली. तास तरीही राहिला नसता, हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचाच राग जास्त होता.

“शिवूनबी गेला, फाडूनबी गेला,” गोजरबाई म्हणाली. “मग फाडलंस ते बरं केलंस.” थोडं चालून ती पुन्हा म्हणाली, “लई बोललीस मातर. पहिल्या पंगतीला म्हणं!” आणि पदराआड खुदकन हसली. मग हसू गेलं. “खरं हाय ते? आधी खातो त्यो?”

“खरं आहे.”

“पुण्यात बघितलंस? डोळ्यानं?”

“डोळ्यानं.”

घरी आल्यावर गोजरबाईनं चूल पेटवली, भाकऱ्या थापल्या. चनबसप्पा अजून यायचे होते, धाकटा भाऊ बाहेर खेळत होता. चंद्रव्वानं ताट मांडलं. पहिली गरम भाकरी, झुणका, कांदा वाढला, आणि ताट आईपुढं सरकवलं.

“हे काय?”

“खा.”

“येडी का खुळी? अप्पा यायचेत अजून.”

“येतील. तू खा.”

गोजरबाईनं दाराकडं बघितलं. भाकरीचा तुकडा मोडला. एक घास खाल्ला, मग दुसरा. तिची नजर सारखी दाराला, चुलीला, पुन्हा दाराला. तव्यावरची भाकरी करपतेय म्हणत ती अर्ध्यावरून उठली. भाकरी करपली नव्हती. ताट तिनं झाकून ठेवलं आणि पुन्हा काही बसली नाही. चंद्रव्वानं ते बघितलं आणि तिचा राग अण्णांवरून उठून कुठंतरी फार लांब, फार जुन्या ठिकाणी जाऊन बसला. तिथं बोट दाखवायला माणूसच नव्हता.

सोमवारी शिवणाचा तास होता. मुली सुई-दोरे घेऊन बसल्या होत्या, तोंडं पाडून. खिडकीतली बरणी रिकामी केलेली. टेबलावर हायड्रा, चीर शिवलेला, तोंड शिवलेला, वरून सोनेरी जर लावलेला. भरतकामवाल्या बाईंनी मेहनत घेतली होती.

“बाई, आता मोर भरायचा का?” सारजानं विचारलं. त्या विचारण्यात एवढा कडवटपणा होता की चंद्रव्वाला बरं वाटलं.

“नाही. शिवण शिकायचं तर आधी उसवायला आलं पाहिजे. कापड न फाटता.” तिनं हायड्रा सारजापुढं ठेवला. “उसव. आधी तोंड.”

सारजाच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. तिनं सुईचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं. बाकीच्या मुली जागा सोडून टेबलाभोवती आल्या.

दारात गोजरबाई उभी होती, जुन्या लुगड्यांचं गाठोडं डोक्यावर, शिवणाच्या तासाला चंद्रव्वानं बोलावलं होतं म्हणून आलेली. गाठोडं उतरवून ती मुलींच्या डोक्यांवरून वाकून बघू लागली. जर सुटत होती, तोंड मोकळं होत होतं.

“आता आमी सगळ्या एकेक करायचा, बाई?” सारजानं विचारलं. “आतला थरबी?”

“आतला आधी,” चंद्रव्वा म्हणाली.

“आन् भाकरी कुटं हाय?” गोजरबाई मधेच म्हणाली. “इतक्या जणी करायच्यात, आन् भाकरी एकीनंबी आणली न्हाय! रिकाम्या पोटी मी एकबी शिवू द्यायची न्हाय, सांगून ठेवते.”